मस्टँग जीटीचे पहिले ट्यूनिंग: सुटे भाग, त्यांचा क्रम आणि मोजमाप

डेट्रॉइटहून पाँटिॲकपर्यंत जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या-नव्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९९५ पासून सुरू असलेल्या या ड्रीम क्रूझमध्ये नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांतून आलेली मराठी मंडळीही मला हमखास भेटतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी नुकतीच पहिली मसल कार (मोठ्या इंजिनाची, जोरदार अमेरिकी गाडी) घेतली आहे त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: सुरुवात कोणत्या भागापासून करावी? माझ्या मते पहिला खर्च मोजमापावर करावा. इंजिनाचा संगणक त्याला जेवढे मोजता येते तेवढ्याच्या आधारे चालतो, आणि आपण बसवलेला जवळजवळ प्रत्येक नवा भाग त्या मोजमापात कुठेतरी फरक पाडतो. त्यामुळे भाग बसवणे आणि ट्यूनिंग करणे, म्हणजे संगणकातले आकडे त्या भागांशी जुळवणे, हे एकच काम आहे, असे धरून हा लेख लिहिला आहे.

मसल कारचा काळ साधारणपणे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मोजतात. मध्यम आकाराच्या त्या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. फोर्ड मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला लोकांसमोर आली. जाणकार तिला पोनी कार, म्हणजे आटोपशीर आकाराची चपळ गाडी, म्हणतात आणि ते बरोबरच आहे, परंतु आजच्या मस्टँग जीटीला मसल कार म्हटले तर कोणी हरकत घेत नाही. त्या काळी कार्ब्युरेटरचे जेट बदलून आणि डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून इंजिन नव्या भागांशी जुळवून घेत असत. आज तीच जुळवाजुळव संगणकातल्या तक्त्यांमध्ये करावी लागते.

उदाहरणासाठी मी २०१५ ते २०१७ या वर्षांतली मस्टँग जीटी घेतली आहे. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती सहज मिळते, तिचे भाग मुबलक आहेत आणि तिच्या खोडी आता सर्वांना माहीत झाल्या आहेत. तिचे ५.० लिटरचे कोयोटी इंजिन नदीपलीकडे ऑन्टॅरिओतल्या विंडसरमध्ये तयार होत असे आणि गाडी मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात जोडली जात असे. कंपनीच्या आकड्यांनुसार हे इंजिन ६,५०० आरपीएमला ४३५ अश्वशक्ती आणि ४,२५० आरपीएमला ४०० पाउंड-फूट टॉर्क देते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ११ ला १ आहे आणि इंधन झडपांच्या आधी, पोर्टमध्ये फवारले जाते. २०१८ पासूनच्या इंजिनात कॉम्प्रेशन १२ ला १ झाले आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारण्याची सोयही आली, म्हणून त्या गाडीची ट्यून फाइल (संगणकात भरायचे बदललेले तक्ते) या गाडीत चालत नाही, हे वापरलेले साहित्य विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आधी कायदा, वॉरंटी आणि विमा

पाना हातात घेण्यापूर्वी कागदपत्रांची बाजू समजून घ्यावी. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार प्रदूषण नियंत्रणाचा कोणताही भाग काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. मिशिगनमध्ये खासगी मोटारींची धूर तपासणी होत नाही, म्हणून इथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला तरी चालतो असा एक समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे, कारण हा कायदा संघराज्याचा आहे आणि तो सगळीकडे लागू होतो. कॅलिफोर्नियात तर इनटेकसारख्या (इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर) भागालाही तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असावा लागतो, आणि जुलै २०२१ पासून तिथल्या स्मॉग तपासणीत संगणकातले सॉफ्टवेअर बदलले आहे का, हेही पाहिले जाते. नोकरीनिमित्त पुढेमागे कॅलिफोर्नियात जाण्याची शक्यता असेल, तर प्रत्येक भाग तो क्रमांक पाहूनच घ्यावा आणि सोबत येणारा स्टिकर बॉनेटखाली नीट चिकटवावा.

वॉरंटीच्या बाबतीत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे तिला दाखवावे लागते. मात्र बदललेली ट्यून असताना पिस्टन फुटला, तर ते दाखवणे कंपनीला फारसे अवघड जात नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत, नाहीतर अपघातानंतर बसवलेल्या भागांचे पैसे मिळत नाहीत आणि वाद होतो तो वेगळाच.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. उजव्या स्टिअरिंगची मस्टँग जीटी २०१६ पासून काही वर्षे भारतातही अधिकृतपणे विकली गेली, त्यामुळे पुण्या-मुंबईत काही गाड्या आहेत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांच्या विरुद्ध बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. म्हणून या लेखातली कृती अमेरिकेतल्या गाडीसाठी आहे, असेच समजावे.

गाडी आहे तशी मोजून ठेवणे

नवा भाग मागवण्यापूर्वी गाडीची आजची प्रकृती कागदावर उतरवावी. तेल ताजे असावे. या इंजिनात ५डब्ल्यू-२० तेल ८ क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर लागते. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर किती मैल चालले आहेत ते पाहावे. वापरलेली गाडी असल्यास सर्व सिलिंडरांची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी, कारण आधीच्या मालकाने काय केले होते हे तोच सांगेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

यानंतर ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याचे सॉकेट) स्कॅनर जोडून मूळ अवस्थेतल्या गाडीच्या नोंदी घ्याव्यात आणि शक्य असल्यास डायनोवर (चाकांपाशी मिळणारी शक्ती मोजणारे यंत्र) तीन फेऱ्या कराव्यात. हा खर्च नवख्या माणसाला वायफळ वाटतो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नंतर गाडी अडखळू लागली, तर ती आधीपासूनच अशी होती की आपल्या हातून काही बिघडले, हे या नोंदींशिवाय समजत नाही. मूळ मॅन्युअल जीटी डायनोजेट यंत्रावर बहुधा चाकांपाशी ३७० ते ३८५ अश्वशक्ती दाखवते. उरलेली शक्ती गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरसंच) आणि टायर यांत खर्ची पडते. आपली गाडी याच्या बरीच खाली असेल, तर भाग मागवणे थांबवून आधी दोष शोधावा.

टायर आणि ब्रेक

यावर थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नये. साध्या जीटीला २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात आणि ४०० पाउंड-फूट टॉर्कसाठी ते आधीच अपुरे पडतात. कंपनीच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये मागे २७५ मिलिमीटरचे टायर, ३.७३ गुणोत्तराचा टॉर्सन डिफरन्शियल आणि पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक मिळतात; तसा पॅक असलेली गाडी मिळाली तर निम्मे काम झाले. उन्हाळी टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतात आणि पकड सोडतात, त्यामुळे मिशिगनमध्ये मार्च-एप्रिलच्या थंड सकाळी नव्या ट्यूनची चाचणी घेऊ नये. चाके बसवताना नट टॉर्क रेंचनेच १५० पाउंड-फूटपर्यंत आवळावेत.

कोल्ड एअर इनटेक बसवणे

पहिला भाग म्हणून इनटेक घ्यावा असे मी सुचवतो. तो घरी दोन तासांत बसतो, पुन्हा काढता येतो आणि संगणक हवा कशी मोजतो, हे त्यातून नीट समजते.

एअर फिल्टरच्या पुढे नळीत एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याला मास एअरफ्लो सेन्सर म्हणतात. त्याच्या आतला तापवलेला घटक ठरावीक तापमानाला ठेवला जातो. वाहती हवा त्याला गार करते आणि तो तापलेला ठेवण्यासाठी किती वीज लागली, यावरून संगणक हवेचे वजन काढतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही. तो स्वतःच्या अंगावरून जाणारा झोत मोजतो आणि नळीचा व्यास ठाऊक असल्याने उरलेल्याचा हिशेब तक्त्यावरून होतो. आता समजा, ८० मिलिमीटरच्या नळीच्या जागी ९० मिलिमीटरची नळी बसवली. व्यास आठास नऊ झाला, पण क्षेत्रफळ ६४ ला ८१, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. तेवढीच हवा आता अधिक संथपणे सेन्सरवरून जाते आणि संगणकाला वाटते की हवा सुमारे २१ टक्क्यांनी घटली. तो त्या बेताने पेट्रोल कमी करतो. त्याहून गंभीर म्हणजे, इंजिनावर भार कमी आहे असे समजून तो ठिणगी अधिक लवकर पाडतो. मिश्रणात पेट्रोल कमी आणि ठिणगी लवकर, हे दोन्ही एकाच वेळी घडले की नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून पिस्टनवर ठोके बसण्याला, आमंत्रण मिळते. म्हणूनच अनेक इनटेकच्या खोक्यावर ट्यून आवश्यक असल्याचे छापलेले असते, आणि ज्यांत मूळ नळीचा व्यास राखलेला असतो त्यांवर तशी गरज नसल्याचे लिहिलेले असते. खोक्यावरची ती एक ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रत्यक्ष बसवताना इंजिन पूर्ण गार असावे. बॅटरीची ऋण तार सोडवावी, सेन्सरचा प्लग खटका दाबून काढावा, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लँप सैल करावा आणि व्हॉल्व्ह कव्हरवरून नळीत येणारा श्वासाचा पाइप सोडवून घ्यावा. त्यानंतर मूळ एअर बॉक्स सरळ वर ओढला की रबरी खाचांतून सुटतो. मास एअरफ्लो सेन्सर दोन बारीक स्क्रूंवर असतो. तो कडेला धरूनच काढावा आणि आतल्या घटकाला बोट किंवा फडके लागू देऊ नये. नव्या नळीत बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे आणि रबरी ओ-रिंग पिळवटलेली नाही, हे पाहावे. फिल्टर तेलाचा असेल तर धुतल्यानंतर त्याला अगदी बेताने तेल लावावे, कारण जादा तेल उडून सेन्सरवर बसते आणि मोजमाप पुन्हा चुकू लागते. मोकळ्या झालेल्या थ्रॉटल बॉडीच्या तोंडात चिंधी कोंबून ठेवावी आणि नळी बसवण्यापूर्वी ती काढल्याची खात्री दोनदा करावी.

पहिल्या वेळी माझ्या हातून नेमकी श्वासाच्या पाइपाची चूक झाली. तो जागेवर बसल्यासारखा वाटला, पण टोकाचा खटका लागलाच नव्हता. गाडी सुरू झाली, आवाजही छान आला. मात्र उभ्या गाडीत इंजिन एका लयीत न चालता किंचित हेलकावे घेत होते. स्कॅनरवर पाहिले तर उभ्या गाडीत फ्युएल ट्रिम (संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती) अधिक १६ टक्के आणि महामार्गावर जेमतेम अधिक ५ टक्के होता. सेन्सर ओलांडून, न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरत होती. पाइप पुन्हा दाबला, ‘टक्’ असा आवाज बोटांना जाणवला, आणि दहा मिनिटांत ट्रिम २ टक्क्यांवर आला. तेव्हापासून मी प्रत्येक जोड दाबल्यावर उलट ओढून पाहतो, आणि हीच सवय वाचकांनीही लावून घ्यावी.

या प्रसंगातला आकड्यांचा कल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंजिन संथ चालत असताना ट्रिम मोठा आणि भार वाढताच तो घटतो, तेव्हा बहुधा हवेची गळती असते, कारण गळतीची हवा जवळपास तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढल्याने तिचे प्रमाण कमी होते. याउलट भार वाढेल तसा ट्रिमही चढत गेला, तर सेन्सरचा तक्ता चुकलेला आहे किंवा इंधनाचा पुरवठा कमी पडतो आहे. ट्रिम अधिक असो वा उणे, ५ टक्क्यांच्या आत असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

ट्यून निवडणे आणि गाडीत भरणे

ट्यून मिळवण्याचे मार्ग साधारण तीन आहेत. फोर्ड परफॉर्मन्स या कंपनीच्याच विभागाने या गाडीसाठी पॉवर पॅक विकले, ज्यांत भाग आणि त्यांना जुळणारी ट्यून एकत्र मिळते. ज्यांना प्रयोग नको आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम. दुसरा मार्ग म्हणजे दूरचा ट्यूनर: तो आपल्या भागांची यादी पाहून फाइल पाठवतो, आपण नोंदी काढून त्याला पाठवतो आणि तो सुधारित फाइल परत पाठवतो. तिसरा मार्ग म्हणजे गाडी डायनोवर नेऊन समोरासमोर ट्यून करून घेणे. तो महाग आहे, परंतु जवळ चांगला ट्यूनर असेल तर शिकण्यासाठी यासारखी संधी नाही. कोणत्याही मार्गाने गेलात तरी इंटरनेटवर सापडलेली दुसऱ्याची फाइल आपल्या गाडीत भरू नये. ती त्याच्या भागांसाठी आणि त्याच्या पेट्रोलसाठी केलेली असते.

उपकरणांत एससीटीचे एक्स-४ आणि एचपी ट्यूनर्सचे इंटरफेस अधिक प्रचलित आहेत. एक्स-४ एका गाडीशी जोडले गेले की मूळ फाइल परत भरेपर्यंत त्या गाडीशीच बांधलेले राहते, म्हणून वापरलेले उपकरण घेताना ते मोकळे केलेले आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. एचपी ट्यूनर्समध्ये प्रत्येक गाडीसाठी क्रेडिट विकत घ्यावे लागते, पण त्याबदल्यात नोंदी घेण्याची सोय फार सविस्तर मिळते.

पेट्रोलचा दर्जा आधी ठरवावा, कारण ट्यून त्याच्याशी बांधलेली असते. मिशिगनमध्ये पंपावर ९३ ऑक्टेन (पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, त्याचा आकडा) सहज मिळते, कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी ९१ वरच भागवावे लागते. भारतातून नव्याने आलेल्यांचा इथे गोंधळ होतो: अमेरिकी पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो आणि भारतातला आकडा एकाच पद्धतीचा असतो, त्यामुळे इथले ८७ हे तिथल्या पद्धतीने मोजल्यास ९१ च्या जवळपास भरते. ९३ साठी केलेल्या ट्यूनवर लांबच्या प्रवासात ९१ भरण्याची वेळ आली, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये आणि शक्य असल्यास ९१ ची वेगळी फाइल उपकरणात ठेवावी. नवी ट्यून भरण्यापूर्वी निदान दोन टाक्या ठरलेल्या दर्जाच्या पेट्रोलवर चालवून जुने पेट्रोल संपवावे.

फाइल भरताना सर्वांत मोठा धोका वीज मध्येच कमी पडण्याचा असतो. बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, पंखा, दिवे आणि रेडिओ बंद असावेत, लॅपटॉप भरपूर चार्ज केलेला असावा आणि दरवाजे उघडझाक करू नयेत. प्रथम गाडीतली मूळ फाइल वाचून घ्यावी आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावी. मग नवी फाइल भरावी, आणि उपकरण सांगेपर्यंत किल्लीला किंवा तारेला हात लावू नये. काम मध्येच तुटले तर संगणक प्रतिसाद देणे थांबवू शकतो आणि गाडी टो करून न्यावी लागते.

नोंदी घेणे आणि वाचणे

नवी ट्यून भरल्यावर लगेच पूर्ण जोराने गाडी पळवण्याचा मोह आवरावा. पहिली नोंद उभ्या गाडीत, इंजिन गरम होईपर्यंतची घ्यावी. दुसरी वीस मिनिटांच्या साध्या प्रवासाची. आरपीएम, हवेचे मोजमाप, भार, थ्रॉटलचा कोन, मागितलेला आणि प्रत्यक्ष लॅम्डा, ठिणगीचे टायमिंग, नॉकची दुरुस्ती, आत येणाऱ्या हवेचे तापमान, कूलंटचे तापमान आणि व्ही-८ इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांचे फ्युएल ट्रिम एवढी माहिती नोंदीत असावी. ती पाहून ट्यूनरने होकार दिल्यावरच पूर्ण थ्रॉटलची फेरी करावी, आणि तीही डायनोवर किंवा ड्रॅग स्ट्रिपवर. ३.५५ डिफरन्शियल असलेल्या मॅन्युअल जीटीत तिसऱ्याच गिअरमध्ये ६,८०० आरपीएमला वेग ताशी ९० मैलांच्या घरात जातो. सार्वजनिक रस्त्यावर ही चाचणी घेणे म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

नोंद वाचताना मी आधी लॅम्डा पाहतो. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल पूर्ण जळण्यास नेमकी पुरेल एवढी हवा. १० टक्के इथेनॉल असलेल्या अमेरिकी पंपावरच्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १४.१ ला १ असते. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा साधारण ०.८५ ते ०.८८ असावा, म्हणजे थोडे जादा पेट्रोल जावे आणि ज्वलनकक्ष थंड राहावा. मागितलेला आणि प्रत्यक्ष लॅम्डा यांच्या दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत. ५,५०० आरपीएमनंतर प्रत्यक्षाची रेघ वर सरकू लागली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. तिथेच पाय काढावा आणि पुढची फेरी करू नये.

त्यानंतर नॉक पाहावा. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाची लाट पिस्टनवर आदळते. इंजिनावरचे सेन्सर तो ठोका ऐकतात आणि संगणक टायमिंग मागे घेतो. कोयोटीचा संगणक नॉक नसताना टायमिंग थोडे वाढवूनही पाहतो, आणि इथे नवखे लोक हमखास फसतात: फोर्डच्या नोंदींत उणे चिन्ह बहुधा टायमिंग वाढवल्याचे असते आणि अधिक चिन्ह मागे घेतल्याचे. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत याच्या उलट दिसू शकते, म्हणून आपल्या उपकरणात चिन्हाचा अर्थ काय, हे ट्यूनरला विचारून घ्यावे. एखाद्या ठिकाणी क्षणभर एखादा अंश मागे गेला तर घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक फेरीत त्याच आरपीएमला तो मागे जात असेल, तर फाइल दुरुस्त करून घ्यावी.

हवेचे तापमानही याच नोंदीत समजते. जुलैच्या दुपारी सिग्नलवर पाच मिनिटे उभे राहिल्यावर उघड्या फिल्टरचा इनटेक बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, संगणक टायमिंग मागे घेतो आणि गाडी सुस्त वाटते. म्हणून फिल्टरभोवतीचा डबा बॉनेटच्या रबरी पट्टीला नीट टेकतो आहे का, हे पाहणे अश्वशक्तीच्या जाहिराती वाचण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

डायनोचा कागद

इनटेक आणि ९३ ऑक्टेनची ट्यून यांतून चाकांपाशी साधारण १५ ते २५ अश्वशक्ती वाढावी. तुलना करताना डायनो तोच, गिअर तोच आणि दुरुस्तीचे परिमाण तेच असावे. या गाडीच्या एमटी-८२ मॅन्युअल गिअरबॉक्सचा पाचवा गिअर थेट १ ला १ असतो, म्हणून तो निवडणे सोयीचे. कागदाच्या कोपऱ्यात एसएई लिहिले आहे की एसटीडी (हवामानानुसार आकडे दुरुस्त करण्याच्या या दोन पद्धती), हे पाहावे, कारण एसटीडीचे आकडे सुमारे ४ टक्क्यांनी फुगलेले येतात आणि तेवढ्यात १५ अश्वशक्ती नुसत्या कागदावर वाढलेली दिसते. ‘मस्टँग’ नावाचा डायनोही असतो, त्याचा या गाडीशी संबंध नाही. तो बहुधा डायनोजेटपेक्षा कमी आकडे दाखवतो. मला सर्वोच्च आकड्यापेक्षा ३,००० ते ५,००० आरपीएममधल्या रेघेखालचा फुगवटा महत्त्वाचा वाटतो, कारण रोजचा रस्ता तिथेच कापला जातो.

यापुढचे भाग

मागचे मफलर बदलले तर आवाज बदलतो, शक्तीत फारसा फरक पडत नाही आणि ट्यूनही लागत नाही. कॅट-बॅक एक्झॉस्ट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागून सुरू होतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे. लाँग-ट्यूब हेडर्सनी (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या) शक्ती खरोखर वाढते, पण त्यांच्यासाठी कन्व्हर्टर काढावे किंवा हलवावे लागतात. रस्त्यावरच्या गाडीला ते बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१८ चे इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांमध्ये वाटून देणारा भाग) या गाडीवर बसवणे लोकप्रिय आहे आणि वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, मात्र त्यासाठी नवी फाइल लागतेच. डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलल्यास संगणकाला ते कळवावे, नाहीतर वेगमापक चुकीचा वेग दाखवतो.

ई-८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेले इंधन, नवख्याने पहिल्या वर्षी बाजूलाच ठेवावे. त्याला साधारण ३० टक्के अधिक इंधन लागते, त्यामुळे इंजेक्टर आणि पंप यांची मर्यादा तपासावी लागते. शिवाय पंपावर ई-८५ म्हणून मिळणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते आणि थंडीत ते प्रमाण घटते. सुपरचार्जरचा विचार करणाऱ्यांनी आधी तेलाच्या पंपाचे गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट पोलादी घालून घ्यावेत. या इंजिनात ते धातूच्या भुकटीपासून बनवलेले असतात आणि जादा शक्तीवर रेव्ह लिमिटरला (आरपीएमची ठरवलेली कमाल मर्यादा) वारंवार आपटल्यास फुटतात. पंप फुटला की तेलाचा दाब जातो आणि काही क्षणांत संपूर्ण इंजिन हातचे जाते.

हजार मैलांनंतर

इनटेकचे सर्व क्लँप पुन्हा हाताने तपासावेत, कारण रबर तापून-गार होऊन थोडे बसते. इंजिन रात्रभर गार होऊ द्यावे आणि सकाळी निदान दोन स्पार्क प्लग काढून उन्हात धरून पाहावेत. सिलिंडर हेड (प्लग ज्यात बसतात तो भाग) ॲल्युमिनिअमचे असल्यामुळे गरम इंजिनातून प्लग काढल्यास आटे जाण्याची भीती असते. पांढऱ्या पोर्सेलिनवर एकसारखी फिकट तपकिरी छटा असेल, तर मिश्रण ठीक आहे. त्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनिअमचे कण दिसले, तर स्कॅनरच्या नोंदीत काही आलेले नसले तरी नॉकिंग होऊन गेलेले आहे. अशा वेळी भिंग लावून त्या प्लगांचे फोटो काढावेत, सिलिंडरचा क्रमांक लिहून ट्यूनरला पाठवावेत आणि त्याचे उत्तर येईपर्यंत साठवून ठेवलेली मूळ फाइल गाडीत परत भरून ठेवावी.